वगळलेली फाइल : एक

आमच्या कार्यालयात कोण कुठे उभं राहतं यावरून माणूस ओळखता येतो. टेबलासमोर उभा राहतो तो अर्जदार. टेबलाच्या बाजूला उभा राहतो तो कुणाच्या तरी ओळखीने आलेला अर्जदार. आणि आपल्या खुर्चीमागे, खुर्चीच्या पाठीला दोन बोटं टेकवून, काही न बोलता उभे राहायचे ते भोये भाऊसाहेब. शुक्रवार असायचा, चार वाजलेले असायचे. आपण टाइप करत राहायचं, ते उभे राहायचे. शेवटी आपलाच धीर सुटायचा. मान वळवली की ते म्हणायचे, "मिटा."

मिटा म्हणजे मेल मिटा. पुस्तक मिटतात, छत्री मिटतात, तशी मेल.

जव्हारात एका सरकारी खात्याचं कार्यालय आहे, तिथे मी आवक-जावक सांभाळते. खात्याचं नाव लिहीत नाही. कोणत्याही खात्यातल्या माणसाने हे वाचलं तर त्याला आपलंच वाटेल आणि त्यात त्याची चूक नसेल. भोये भाऊसाहेब तिथे वरिष्ठ लिपिक होते, मूळचे जामसरचे. कॉम्प्युटर आले तेव्हा पालघरला प्रशिक्षणाला त्यांना पाठवलं, कारण नेमकं त्याच आठवड्यात बाकी सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी आजारी पडलं होतं. त्या प्रशिक्षणातून भाऊसाहेब एकच वाक्य घेऊन परत आले आणि त्या वाक्यावर त्यांनी उरलेली नोकरी काढली : उघड्या फाइलची नक्कल निघत नाही.

प्रकार असा, की वरच्या सर्व्हरवर आमच्या वाट्याला जागा अगदी चिमूटभर. म्हणून आलेली मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि वरची पुसून टाकायची. उतरवलेल्या सगळ्या मेल कॉम्प्युटरच्या पोटात एका मोठ्या फाइलमध्ये साठत जातात. मेल उघडी असली की ती फाइलही उघडी. दर शुक्रवारी सगळ्या कॉम्प्युटरमधल्या मालाची नक्कल, म्हणजे बॅकअप, एका डिस्कवर उतरवायची. त्या वेळी एखादी फाइल उघडी सापडली तर बॅकअपचा प्रोग्रॅम तिला सोडून देतो आणि पुढे जातो. थांबत नाही, ओरडत नाही, कुणाला विचारत नाही. शेवटी 'यशस्वी' म्हणून मोकळा होतो. माणूस असता तर आमच्या खात्यात फार वर चढला असता.

"हलत्या पोराचा फोटो येतो का बाई?" भाऊसाहेब मला समजावायचे. "पोर आधी स्थिर झालं पाहिजे."

मेल मिटायला आमची ना नव्हती. अडचण ती पुन्हा उघडण्याची होती. आमच्याकडे पावसाळ्यात ढग असतात म्हणून नेट नसतं, उन्हाळ्यात वीज नसते म्हणून नेट नसतं आणि हिवाळ्यात कुणीतरी रस्ता खणून ठेवलेला असतो. त्यामुळे सोमवारी एकदा मेल उघडली की तिला आठवडाभर समईसारखं जपायचं, विझू द्यायचं नाही, अशी जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या कार्यालयांची रीत आहे. आमच्या आस्थापनेचे चौधरी जेवायला जाताना मॉनिटरवर कागद चिकटवून जायचे : 'मेल चालू आहे. हात लावू नये.' हा कागद बघून एकदा एका म्हाताऱ्याने बाहेरच चपला काढल्या होत्या.

अशा आम्हांला भाऊसाहेब दर शुक्रवारी मेल मिटायला लावायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, निळं स्वतःसाठी आणि लाल इतरांसाठी. बोलणं संपूर्ण सरकारी. पाणी हवं असलं तर "पाण्याची उपलब्धता आहे का" असं विचारायचे. एकदा त्यांना विंचू चावला तेव्हाही त्यांनी आधी "सदर ठिकाणी" असं म्हणून बोट दाखवलं होतं.

बॅकअपची डिस्क ते रजईच्या कापडाच्या पिशवीत घालून शनिवारी जामसरला घरी न्यायचे आणि तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायचे. जव्हारच्या दमट हवेत काहीही टिकत नाही, कागदाला बुरशी येते, चपलांना येते, माणसांनाही येत असावी. तांदूळ ओल ओढून घेतो. सोमवारी डिस्क परत यायची तेव्हा टेबलावर चार दाणे सांडायचे आणि ते दाणे गोळा करून भाऊसाहेब पुन्हा पिशवीत टाकायचे. शासनाच्या एका खात्याचा सगळा पत्रव्यवहार शनिवार-रविवार भातात असायचा आणि वरच्या कचेरीला याची कल्पना नव्हती.

आता त्यांच्या दुसऱ्या वेडाबद्दल. सरकारी नोकराने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहावं असा नियम आहे. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि पाळत कुणीच नाही. चौधरी रोज नाशिकहून जीपने यायचे. आमचे साहेब सोमवारी दुपारी पुण्याहून उगवायचे आणि शुक्रवारी दुपारी मावळायचे. माझं माहेर आणि सासर दोन्ही जव्हारच असल्याने मुख्यालयी राहण्याचं पुण्य मला फुकटात मिळालं. भाऊसाहेबांनी मात्र तो नियम खरोखर वाचला होता. जामसरला स्वतःचं घर असताना ते सोमवार ते शुक्रवार जव्हारात एका खोलीत राहायचे.

इथवरही ठीक होतं. पण त्यांची बायकोही आमच्याच खात्यात होती, मोखाड्याच्या उपकार्यालयात. सुमनताई, पोशेऱ्याकडच्या. आणि नियम वाचण्याची सवय एकाला असली की दुसऱ्याला लागते म्हणा किंवा लावली जाते म्हणा, सुमनताईही मोखाड्यात खोली घेऊन राहायच्या. एसटीने तासाभराचा रस्ता. दोन्ही तालुक्यांत नियम म्हणून मुख्यालयी राहणारे दोनच कर्मचारी आणि ते एकमेकांचे नवरा-बायको. वर्षानुवर्षं ते शनिवारी दुपारी जामसरच्या घरी भेटायचे आणि सोमवारी पहाटे जव्हारच्या स्टँडवर आपापल्या कर्तव्याच्या दिशेने फुटायचे.

पती-पत्नी एकत्रीकरण नावाची बदलीची एक सोय आहे. सुमनताई दरसाल सांगायच्या, अर्ज करा. पण त्या सोयीत बसायला नवरा-बायकोत अमुक इतकं अंतर लागतं आणि जव्हार-मोखाडा थोडं कमी भरतं. म्हणजे शासनाच्या हिशेबाने हे दोघं आधीच एकत्र राहत होते. "नियमात बसत नाही," भाऊसाहेब म्हणायचे आणि विषय संपायचा. त्यांचा संपायचा. सुमनताईंचा संपत नव्हता हे मला फार नंतर कळलं.

कार्यालयात ते बायकोचं नाव घेत नसत. त्यांना ते 'मोखाडा' म्हणायचे. "मोखाड्याला ताप आहे." "मोखाड्याने आज उपवास धरलाय." नवीन आलेल्या साहेबांना वाटलं तालुक्यात साथ आली आहे, ते घाईने आरोग्याचे आकडे मागवायला लागले.

मोखाड्याच्या उपकार्यालयातून रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला दैनिक अहवाल मेलने यायचा. वर आकडे, सोबत तक्ता, खाली 'सविनय सादर'. आणि त्याच्याही खाली सुमनताई घरचं लिहायच्या. त्यांच्या खोलीत फोनला रेंज नव्हती, रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहावं लागायचं, आणि कार्यालयीन वेळेत खासगी फोन करणं भाऊसाहेबांना पटत नसे. अहवालाची तळटीप मात्र चालत होती, कारण ती अहवालाचा भाग होती. माणसाला नियम वाकवायचा असला की तो किती छान वाचता येतो!

भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरचं तोंड माझ्या टेबलाकडे होतं आणि मी काही संत नाही. 'मनीषाने आज एकटीने एसटीचं तिकीट काढलं,' असं एकदा होतं. मनीषा त्यांची मुलगी. 'नागलीचं पीठ संपलं, येताना दळून आणणे.' 'आज कुणाशीच बोलले नाही. पाऊस लई.' आणि भाऊसाहेबांची उत्तरं : 'उपरोक्त विषयान्वये पीठ दळून ठेवले आहे.' 'पावसाबाबत इकडेही तीच परिस्थिती आहे. काळजी घ्यावी, ही विनंती.'

एका पावसाळ्यात मोखाड्याच्या कार्यालयाचं छप्पर गळलं आणि सुमनताईंचा कॉम्प्युटर भिजून कायमचा गेला. तिथे बॅकअप वगैरे भानगड नव्हतीच. त्यांच्याकडचं सगळं गेलं. भाऊसाहेब शांत होते. "माझ्याकडे दोन्ही बाजूंचं आहे," ते मला म्हणाले, "तिचं आलेलं आणि माझं गेलेलं." मोखाड्याला ते 'तिचं' म्हणाले, तेवढ्यावरून मला कळलं की त्या फाइलमध्ये त्यांनी काय ठेवलंय. सोमवार ते शुक्रवारचा संसार होता तो. दुसरीकडे कुठे नव्हताच.

तर बॅकअप. दर शुक्रवारी तो संपला की भाऊसाहेबांच्या पडद्यावर यायचं : 'बॅकअप यशस्वी. वगळलेली फाइल : १.' खाली बारीक इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ असायची, ती वाचण्याची प्रथा नव्हती. पडद्यावर 'यशस्वी' आलेलं असताना खालचं वाचतो कोण? पण ती 'एक' भाऊसाहेबांच्या डोक्यात गेली. इतकं पाठीमागे उभं राहूनही कुणीतरी एक जण मेल उघडी ठेवतंय. सोमवारी परिपत्रक निघायचं : 'वारंवार सूचना देऊनही एक कर्मचारी मेल बंद करीत नसल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब गंभीर आहे.' आम्ही सगळे सह्या करायचो आणि एकमेकांकडे बघायचो.

पहिला संशय चौधरींवर. तो रास्तच होता. चौधरी मेल मिटल्यासारखं करायचे, नुसती खाली लपवायचे. भाऊसाहेबांनी पुढच्या शुक्रवारी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली आणि बॅकअप संपेपर्यंत बसून राहिले. चौधरींची नाशिकची जीप चुकली. निकाल : वगळलेली फाइल एक.

मग माझ्यावर. माझ्याकडे त्यांनी खुर्ची टाकली नाही, बाईमाणूस म्हणून नुसते उभे राहिले, ते जास्त वाईट. निकाल तोच.

मग साहेबांवर. त्या शुक्रवारी साहेबांचं पुण्याला निघणं लांबलं होतं, ते वरिष्ठांबरोबर व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये होते. पडद्यावर जिल्ह्याचे मोठे साहेब कुणाला तरी झापत होते आणि आमचे साहेब गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होते. भाऊसाहेब आत जाऊन खुर्चीमागे उभे राहिले. दोन बोटं खुर्चीच्या पाठीला.

"भोये, वरिष्ठ बोलतायत," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

"साहेब, वरिष्ठ पुढच्या आठवड्यात परत बोलतील. फाइल गेली तर परत येणार नाही."

जिल्ह्याच्या पडद्यावर आमच्या साहेबांच्या डोक्यामागे एक पांढरा शर्ट आणि दोन पेनं एवढंच दिसत होतं. मोठ्या साहेबांनी विचारलं म्हणे, मागे कोण आहे? साहेब म्हणाले, "बॅकअप आहे, सर." मोठ्या साहेबांना ही तयारी फार आवडली. निकाल : एक.

शेवटचा उपाय म्हणून भाऊसाहेबांनी एका शुक्रवारी मेन स्विचच पाडला. सगळे कॉम्प्युटर एका दमात बंद. चौधरींनी जो आवाज काढला तो अजून माझ्या कानात आहे. मग स्विच वर करून ते प्रत्येक टेबलाशी गेले, कॉम्प्युटर चालू करवला, मेल उघडू दिली नाही, आणि बॅकअप घेतला. अडगळीच्या खोलीतल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरचीसुद्धा वायर उपटली, न जाणो. निकाल आला आणि भाऊसाहेब बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. इतकं दुःखी मी त्यांना विंचवाच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

हुशार वाचकाच्या एव्हाना लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. आमच्याकडे पदवीधर होते, एक साहेब तर स्पर्धा परीक्षेतून आलेले होते, पण कुणाच्याही डोक्यात हे शिरलं नाही की एक कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालतो, तो मेन स्विच पाडून बंद होत नाही. तिथूनच बॅकअपची आज्ञा सुटते. आणि चार ते पाचच्या दरम्यान, ज्या वेळात बॅकअप चालायचा, त्याच वेळात मोखाड्याचा अहवाल यायचा. तो येताक्षणी दिसावा म्हणून त्या कॉम्प्युटरवरची मेल कधीही मिटली जात नसे. आमच्या खुर्च्यांमागे उभे असतानासुद्धा भाऊसाहेबांचा एक डोळा तिकडे असायचा.

पावसाळा संपता संपता एका सोमवारी त्यांची मेल उघडेना. नाशिकहून कॉम्प्युटरवाला बोलावला. तो बराच वेळ खटपट करून म्हणाला, "भाऊसाहेब, फाइल फुगून फुगून फाटली. मेल जास्त झाल्या. आता नाही निघत यातलं काही."

आणि भाऊसाहेब चक्क खूश झाले! ज्या दिवसासाठी इतकी वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या तो दिवस आला होता. त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. साहेबही आले. "आता आपणा सर्वांस बॅकअपचं महत्त्व प्रत्यक्ष दाखवण्यात येईल," ते म्हणाले आणि रजईच्या पिशवीतून डिस्क काढली. चार दाणे सांडले.

डिस्क उघडली. चौधरींची मेल होती, त्यातली लग्नाची आमंत्रणंही. माझी होती. साहेबांची होती, साहेबांना वाढदिवसाला आलेल्या शुभेच्छा सगळ्या सुखरूप होत्या. भाऊसाहेब खाली-वर करत राहिले. मग मागच्या शुक्रवारचा बॅकअप पाहिला, त्याच्या मागचा पाहिला. मग ती बारीक इंग्रजी ओळ उघडून, पडद्याजवळ तोंड नेऊन, अक्षर अक्षर लावत वाचली. तिच्या शेवटी त्यांचंच नाव होतं. प्रत्येक शुक्रवारी.

चौधरी हसायला लागले आणि मध्येच थांबले. हसण्यासारखंच होतं ते, मी नाकारत नाही. पण भाऊसाहेबांनी सांडलेले दाणे एक एक करून गोळा केले आणि पिशवीत टाकले. मला भयंकर वाईट वाटलं. इतकं, की मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि तो त्यांच्यापुढे गार होताना बघत राहिले.

त्या शुक्रवारी चार वाजले तरी कुणाच्या खुर्चीमागे कुणी उभं राहिलं नाही. चौधरींनी चारदा मागे वळून पाहिलं. शेवटी मी मोखाड्याच्या कार्यालयात फोन लावला.

त्या शनिवारी भाऊसाहेब जामसरला गेलेच नाहीत, आणि सुमनताई सोमवारी पहिल्या एसटीने आल्या. रजा टाकून आल्या होत्या, अर्थातच लेखी. ठेंगणी, काळीसावळी, भरभर चालणारी बाई. सरळ भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेल्या, आणि अर्जदारासारख्या समोर उभ्या राहिल्या.

"कय गेलं?"

"सगळं."

"सगळं म्हंजी कय? अहवाल तं पालघरला हायेत."

"खालचं," भाऊसाहेब म्हणाले. "अहवालाच्या खालचं."

सुमनताई खुर्ची ओढून बसल्या. "येवढंच ना? मंग मला इचारा. मीच लिवलं ना ते. मी जिती बसली हाय इथं."

भाऊसाहेबांनी खरंच विचारलं. आम्ही सगळे आपापल्या पडद्यांत तोंडं घालून कान तिकडे लावून बसलो होतो. "मनीषा आश्रमशाळेतून पळून आली होती. तेव्हा तू त्या दिवशी काय लिहिलं होतंस?"

सुमनताई आठवत राहिल्या. "नाय आठवत."

"बरं, तो घाट बंद झाला होता, त्या शनिवारी तुला घरी येता आलं नाही तेव्हा?"

"नाय वो."

"आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मोठं लिहिलं होतंस. बरंच मोठं."

"लिवलं आसंल." त्यांचा आवाज चढला. "आठवंल कसं? लिवलं का मी मोकली व्हायची. तुम्ही वाचायचं, तुम्ही ठेवायचं. घरात असता तं तोंडावर सांगितलं असतं, भांडलो असतो, रडली असती, मंग ध्यानात रायलं असतं. दरसाल सांगतेय, अर्ज करा, अर्ज करा..."

"नियमात अंतर बसत नाही, हे मी तुला..."

"मंग नियमात नका बसू. गाडीत बसा!"

एवढं बोलून त्या उठल्या आणि निघाल्या. दारात चौधरी उभे होते, ते भिंतीला चिकटले. भाऊसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. मला वाटलं, संपलं. या माणसाच्या हातून हे व्हायचं नाही. हा आता त्या फाटक्या फाइलच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पालघरला पाठवील आणि निवृत्तीपर्यंत स्मरणपत्रं काढत बसेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर अर्ज होता. 'आजपासून मी मुख्यालयी राहणार नाही. कृपया नोंद व्हावी.'

आमच्या कार्यालयाच्या इतिहासात एवढी घबराट कधी उडाली नसेल. मुख्यालयी न राहणं ही एक गोष्ट आणि ते लिहून देणं ही भलतीच गोष्ट. चौधरी हात जोडून आले. "भाऊसाहेब, लेखी कशाला? उद्या आमची चौकशी लागंल."

साहेबांनी दार लावून घेतलं, तरी ऐकू येत होतं. "अहो भोये, राहा की खुशाल मोखाड्यात. कोण विचारतंय तुम्हाला? फक्त लिहू नका."

"साहेब, मग ते खोटं होईल."

साहेबांनी एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस वाट पाहिली, की हे वेड उतरेल. भाऊसाहेब संध्याकाळी मोखाड्याच्या गाडीने जात होते आणि सकाळी पहिल्या गाडीने येत होते. गाडीला उशीर झाला की हजेरीपटावर स्वतःच्या नावापुढे स्वतःच्या लाल पेनाने खूण करत होते. शेवटी नाइलाज झाला. मुख्यालयी न राहिल्याबद्दल आमच्या कार्यालयातून आजवर एकच नोटीस निघाली आहे, ती भोये भाऊसाहेबांना. टाइप चौधरींनी केली, नाशिकची जीप धरायची घाई असताना.

खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तो माझ्याच आवकेतून गेला, म्हणून मी वाचला. भाऊसाहेबांचा खुलासा म्हणजे किमान तीन पानं, संदर्भ एक ते नऊ. हा एका ओळीचा होता : 'पत्नी तिकडे राहते.'

साहेबांनी तो बराच वेळ हातात धरला. त्यांचं कुटुंब पुण्यात होतं. मग त्यांनी कोपऱ्यात 'दप्तरी दाखल' लिहिलं, सही केली आणि मला म्हणाले, "हे वर पाठवायची गरज नाही." मी त्यांच्याविषयी एरवी बरं बोलत नाही, पण त्या दिवशी मला ते आवडले.

भाऊसाहेब शुक्रवारी पुन्हा आमच्या मागे उभे राहायला लागले. आता आधी स्वतःची मेल मिटायचे. बॅकअप शून्य वगळून यशस्वी व्हायचा आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, घड्याळाकडे बघत पिशवी आवरायचे. मोखाड्याचा अहवाल पाच वाजता यायचा, आकडे, तक्ता, सविनय सादर. त्याच्या खाली काही नसायचं. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना मला एका कामासाठी मोखाड्याला मुक्कामी जायचं होतं. संध्याकाळच्या गाडीत ते पुढच्या बाकावर होते, मी मागे. गाडीत त्यांनी मला नमस्कार केला आणि "आपला प्रवास कोणत्या प्रयोजनार्थ" असं विचारलं. मोखाड्याच्या स्टँडवर सुमनताई उभ्या होत्या, हातात मेथीची जुडी. भाऊसाहेब खाली उतरले आणि उतरता उतरताच बोलायला लागले. जामसरच्या बोलीत, भरभर, हातवारे करत. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांच्या तोंडून ती भाषा कधी ऐकली नव्हती. सुमनताई मध्येच "नाय, नाय, तसं नाय झालं," म्हणून भांडत होत्या आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. तेवढ्यात मला माझं नाव ऐकू आलं. मग काहीतरी सांगितलं त्यांनी, माझ्या खुर्चीत बसण्याची नक्कल केली बहुतेक, आणि सुमनताई इतक्या हसल्या, की त्यांना खांबाला धरावं लागलं. मी चार पावलं मागोमाग गेलेसुद्धा. पण ते दोघं बोलत बोलत वळणावरून दिसेनासे झाले.

मुक्काम आटोपून जव्हारला परतले ती थेट त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. "भाऊसाहेब, त्या दिवशी स्टँडवर माझ्याबद्दल काय सांगत होतात हो ताईंना?"

त्यांनी निळ्या पेनाचं टोपण लावलं आणि अतिशय गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं.

"ते तोंडी होतं, बाई," ते म्हणाले. "त्याची नक्कल निघत नाही."